पाने पिवळी पडली म्हणून अननस लिलीचे पाणी वाढवू नका

अंबाजोगाईहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे :

«गेल्या मे महिन्यात मी अननस लिलीचे तीन कंद ऑनलाइन मागवले. पाकिटावर सहा इंच खोल लावावेत असे छापलेले होते, म्हणून दोन कंद कुंड्यांत आणि एक अंगणातल्या काळ्या मातीत तेवढ्याच खोलीवर लावला. अंगणातला कंद श्रावणातल्या झडीत कुजला. कुंड्यांतल्या दोघांना फुलोरा आला, परंतु फुलांना कुजका वास येत होता आणि त्यांवर माश्या बसत होत्या. एक दांडा पावसाने आडवा झाला. डिसेंबरपासून पाने शेंड्याकडून पिवळी पडत आहेत आणि पाणी वाढवूनही ते थांबत नाही. मुले रोज विचारतात की अननस कधी धरणार. झाडे मेली का? नांदेडच्या बहिणीला त्यातला एक कंद द्यावा अशी इच्छा होती.»

ताई, सर्वांत आधी कुंड्यांना पाणी देणे आजच बंद करा. तुमच्या वर्णनावरून झाडे मेलेली वाटत नाहीत. अननस लिली वर्षातले काही महिने पानाफुलांनी मातीवर दिसते आणि उरलेले महिने केवळ कंदाच्या रूपाने मातीखाली राहते. शेंड्याकडून सुरू झालेला हा पिवळेपणा तिच्या वर्षाचा ठरलेला टप्पा आहे. त्या काळात मुळांचे काम जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे दिलेले पाणी कंदाच्या उपयोगी पडत नाही. ते त्याच्याभोवती साचून राहते आणि बुरशीला वाट करून देते. खात्री करायची असेल तर माती हलक्या हाताने उकरून कंदाचा माथा मोकळा करा आणि अंगठ्याने दाबून पाहा. तो टणक लागला, तर काळजीचे कारण नाही. बोट आत जात असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर कंद लगेच बाहेर काढावा लागेल. त्याविषयी पुढे लिहितो.

आपल्याकडे हे समजून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. वसमत आणि हिंगोलीच्या भागात हळद उन्हाळ्याच्या शेवटी लावतात, पावसाळ्यात ती पानांनी भरते, आणि थंडी सरता सरता पाला पिवळा पडून वाळू लागला की शेतकरी पाणी तोडतो. पाला वाळतो आहे म्हणून तेथे कोणी जास्त पाणी सोडत नाही, कारण पानांतले सत्त्व खाली गड्ड्यात उतरले आहे हे त्याला ठाऊक असते. अननस लिलीचे वर्ष थोडे लवकर संपते, एवढाच फरक धरून तुम्ही तिला हाच नियम लावा.

हा मेळ योगायोगाने बसलेला नाही. अननस लिलीचे शास्त्रीय नाव युकोमिस. तिच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या आणि लेसोथो, एस्वातिनी (पूर्वीचे स्वाझीलँड) यांसारख्या शेजारच्या प्रदेशांतल्या आहेत. ड्रेकेन्सबर्ग पर्वताच्या गवताळ उतारांवर, ओढ्यांच्या काठी आणि ओलसर कुरणांत त्या वाढतात. तेथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे उबेबरोबर पाऊस आणि थंडीबरोबर कोरडेपणा, ही जी लय मराठवाड्याची आहे, तीच या कंदाचीही आहे. आपल्या पाचवीला पुजलेला कोरडा हिवाळा अनेक शोभेच्या झाडांना जड जातो. अननस लिलीला मात्र तो हवाच असतो. आपल्या हवेतल्या दोनच गोष्टी तिला मानवत नाहीत. एक, एप्रिल आणि मे महिन्यांतले चाळीस अंशांच्या पुढचे ऊन, आणि दुसरी, झडीच्या दिवसांत काळ्या मातीत साचणारे पाणी. माझ्या मते यांतली दुसरी अधिक घातक आहे, कारण उन्हाने पाने करपतात, परंतु साचलेल्या पाण्याने कंदच जातो.

पाकिटावरच्या सूचनेने तुमचा घात केला. सहा इंच खोल लावण्याची सूचना हॉलंड किंवा इंग्लंडसारख्या देशांतल्या बागांसाठी असते. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि कंद दंवापासून वाचावा म्हणून त्याच्यावर मातीचा जाड थर ठेवतात. आपल्याकडे जमीन कधीच गोठत नाही, त्यामुळे त्या खोलीचा लाभ शून्य आणि तोटा मोठा आहे. काळी माती एकदा भिजली की वरून सुकलेली दिसली तरी सहा इंच खाली ओल कितीतरी दिवस टिकते. कुंडीत कंदाची मान मातीच्या पृष्ठभागाशी यावी किंवा जेमतेम झाकली जावी, आणि जमिनीत त्याच्यावर दोन ते तीन बोटे माती असावी, यापेक्षा खोल जाण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बागकामाचे लेख वाचनात आले, तर त्यांतले महिनेही जसेच्या तसे घेऊ नका. तेथला ऑगस्ट हा हिवाळ्याचा शेवट आणि डिसेंबर हा ऐन उन्हाळा असतो.

अंगणातला कंद ज्या मातीत गेला तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात या फुलाचे यश बहुतांशी तेथेच ठरते. काळी माती कापसाला आणि सोयाबीनला लाभते, परंतु मांसल कंदाला ती धोक्याची आहे. ती ओली असताना फुगते, तिच्यातली हवेची पोकळी बंद होते आणि मुळे गुदमरतात; सुकताना ती भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, जागेत तर हा कंद लावूच नये. कुंडीसाठी एक भाग पोयट्याची माती, एक भाग भरड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण घ्या. काळी माती घालायचीच असेल, तर ती एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावी. कुंडी दहा ते बारा इंची घ्या, मातीची असल्यास उत्तम, आणि तिच्या तळाची छिद्रे खापराच्या तुकड्यांनी अशी झाका की माती अडेल पण पाणी अडणार नाही. झडीच्या दिवसांत कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. जमिनीत लावण्याची हौस असेल, तर वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात हेच मिश्रण भरा. काळ्या जमिनीत नुसता खड्डा खणून त्यात चांगली माती भरल्याने काम होत नाही, कारण पावसाळ्यात तो खड्डा हौदासारखा भरतो.

आता वर्षाचे वेळापत्रक. या महिन्यात पाणी बंद केल्यावर पाने पूर्ण वाळू द्या. हिरवी किंवा अर्धवट पिवळी पाने दिसायला वाईट दिसतात म्हणून कापू नका, कारण पुढच्या फुलोऱ्याची शिदोरी त्या पानांतूनच कंदात उतरत असते. पाने सहज हाताशी येतील तेव्हा ती काढा. त्यानंतर कंद कुंडीतच कोरडा ठेवला तरी चालतो, मात्र कुंडी अवकाळी पावसाच्या आणि उन्हाच्या बाहेर, पडवीत किंवा जिन्याखाली ठेवावी लागेल. फेब्रुवारी आणि मार्चमधला अवकाळी पाऊस व गारपीट आपल्याकडे नवी राहिलेली नाही, आणि अशा वेळी भिजलेली कुंडी पुन्हा सुकायला वेळ लागतो. कंद काढून ठेवायचा असेल, तर त्याची माती झटका, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत किंवा नारळाच्या काथ्यात ठेवून वरून हवा खेळती राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तो सुकून सुरकुततो. ज्यांच्या घराला अजून माळवद आहे, त्यांच्या आतल्या खोलीतला कोनाडा याहून चांगली जागा दुसरी नाही.

लावणीसाठी रोहिणी नक्षत्राचा सुमार, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा, मला योग्य वाटतो. नवी माती भरून कंद लावावा, एकदाच पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवावी. मृगाचा पाऊस लागेपर्यंत कोंब वर आलेला असतो आणि मग पाने झपाट्याने वाढतात. तुमचा कंद उबेने मार्चमध्येच डोके वर काढू लागला, तर त्याला जबरदस्तीने कोरडा ठेवू नका. बेताने पाणी सुरू करा आणि सावलीची सोय करा, कारण त्या पानांना मेच्या उन्हातून जावे लागणार आहे. पावसाळ्यात वरची बोटभर माती सुकून वाफसा आला की पाणी द्यायचे, एवढा नियम पुरेसा आहे. पावसाने ओढ दिली तर मात्र दुर्लक्ष करू नका. फुलोरा दांड्यात असताना पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, तर वरची फुले खुरटी राहतात. हस्ताचा पाऊस सरला की पाणी हळूहळू कमी करत न्यावे आणि पाने पिवळी पडू लागताच ते थांबवावे.

ऊन हा तुमच्याकडे तुलनेने सोपा प्रश्न आहे, कारण बालाघाटाच्या उंचीमुळे अंबाजोगाईच्या रात्री परभणी-नांदेडपेक्षा थोड्या सौम्य असतात. सकाळचे दहा-साडेदहापर्यंतचे ऊन आणि त्यानंतर उजळ सावली ही या झाडाची उत्तम जागा. पूर्वेकडचे अंगण असेल तर ते निवडा. गच्चीवर ठेवायचे असेल, तर हिरव्या शेडनेटखाली आणि स्लॅबला थेट न टेकवता ठेवा, कारण तापलेल्या स्लॅबची धग कुंडीच्या तळातून मुळांपर्यंत जाते. पूर्ण सावलीत मात्र ठेवू नका. तुमचा जो दांडा आडवा झाला, त्यामागे पावसाचा मार हे एक कारण असेल, परंतु कमी उजेड आणि जास्त नत्र यांमुळेही दांडा लांबट आणि पोकळ होतो. युरिया या झाडाला देऊच नये. लावणीच्या वेळी मूठभर निंबोळी पेंड आणि पाने वाढत असताना महिन्यातून एकदा गांडूळ खत एवढे पुरते. चुलीतली राख पालाशासाठी घालण्याची पद्धत आहे, पण आपली माती आधीच चुनखडीची आणि विम्ल (अल्कधर्मी) असल्याने येथे ती टाळावी. दांड्याला आधार म्हणून तुराटी खोचा आणि सुतळीने सैल बांधा. ती कंदापासून चार बोटे दूर खोचा म्हणजे कंदाला टोचणार नाही.

पिवळेपणाविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढच्या जुलैत पाने पिवळी पडल्यावरही तुम्ही ते नैसर्गिक समजाल. हिवाळ्यातला पिवळेपणा जुन्या पानांच्या शेंड्यापासून खाली उतरतो आणि कंद टणक राहतो. भर पावसाळ्यात पान बुडाशी मऊ पडून पिवळे होत असेल आणि ओढताच निसटून हातात येत असेल, तर ती कूज आहे. नवी पाने फिकी पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असे दिसले, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. बोअरच्या जड पाण्याने हे पुष्कळदा होते. कुंडीच्या बाहेर पांढरा थर जमला की तो त्याचा पुरावाच असतो. अशा वेळी चिलेटेड लोहाची (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) मात्रा पाकिटावर दिलेल्या प्रमाणात द्या आणि शक्य तितके पावसाचे पाणी पिंपात साठवून वापरा.

कूज लक्षात आली, तर कंद धुऊन मऊ भाग धारदार चाकूने पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापा, कापलेल्या जागी गंधकाची किंवा कोळशाची पूड लावा, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मग नुसत्या भरड वाळूत ठेवा. जेथून मुळे फुटतात तो खालचा बुडखा गेला असेल, तर कंद वाचत नाही. तरीही पाने हिरवी असतील तर झाड पूर्णपणे गमावलेले नसते. निरोगी पानाचे आडवे दोन-दोन इंचांचे तुकडे करा, त्यांची खालची बाजू खालीच राहील याची काळजी घेऊन वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात ते तिसरा हिस्सा खोचा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या कापलेल्या कडेशी हरभऱ्याएवढे कंद धरतात. त्यांना फुले यायला दोन-तीन वर्षे लागतात, बियांपासून त्याहूनही अधिक, परंतु एकच कंद असलेल्या माणसाला झाडे वाढवण्याची ही सर्वांत विश्वासाची रीत आहे.

कुजक्या वासाने तुम्ही घाबरलात, पण तो रोगाचा वास नाही. फिकट हिरव्या पाकळ्यांना जांभळी कड आणि दांड्यावर जांभळट ठिपके असतील, तर तुमची जात युकोमिस बायकलर असणार. तिच्या फुलांतून गंधकयुक्त द्रव्ये बाहेर पडतात, सडक्या मांसावर जाणाऱ्या माश्या त्या वासाने येतात आणि परागण करून जातात. याउलट युकोमिस कोमोसा आणि युकोमिस ऑटमनॅलिस यांच्या फुलांचा वास गोड असतो आणि त्यांच्याकडे कोळ्यांची शिकार करणारे गांधीलमाशीसारखे कीटक येतात. बायकलरचा फुलोरा देखणा असतो, महिनाभर टिकतो, आणि चार हात अंतरावरून तिचा वास जाणवत नाही. म्हणून कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आणि बैठकीपासून दूर, पण नजरेच्या टप्प्यात ठेवा. पुढे कधी नवे कंद घ्याल तेव्हा कोमोसा मागा. तिचा दांडा दोन-तीन फूट उंच होतो, जांभळट पानांचे वाणही मिळतात आणि कापून फुलदाणीत ठेवलेला फुलोरा दोन-तीन आठवडे सहज टिकतो.

मुलांना स्पष्ट सांगा की या झाडाला अननस कधीही धरणार नाही. डोक्यावरच्या हिरव्या पानांच्या तुऱ्यामुळे ते तसे दिसते एवढेच. खऱ्या अननसाशी त्याचे कुळाचेही नाते नाही. शतावरीच्या कुळातली ही वनस्पती आहे आणि आपल्या माळरानावर उगवणारा विषारी रानकांदा तिचा जवळचा आप्त आहे. फुले गेल्यावर तिला तीन कप्प्यांची बोंडे येतात आणि त्यांत काळे चकचकीत बी असते. तिच्या मायदेशी वैद्यलोक तिचा कंद औषधात वापरतात, परंतु कच्चा कंद तेथेही विषारीच मानला जातो. म्हणून झाडाचा कोणताही भाग खाण्यात येऊ देऊ नका, आणि काढलेले कंद कांद्याच्या चाळीजवळ किंवा कांद्याच्या टोपलीत कधीही ठेवू नका. सुकलेला कंद दिसायला मोठ्या कांद्यासारखाच असतो. अंधाऱ्या कोनाड्यातून कोणी तो भाजीसाठी उचलू नये म्हणून डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवा.

गोगलगायींचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत 2022 च्या पावसाळ्यात त्यांनी सोयाबीनचे जे हाल केले ते तुम्ही पाहिले असेल. या लिलीची रसाळ पाने त्यांना विशेष आवडतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट कुंड्यांजवळ पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीत मात्र मीठ टाकू नका. साठवलेल्या कंदावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. जुन्या ब्रशने तो खरवडून कंद निंबोळी अर्काच्या पाण्याने पुसा आणि पुन्हा सुकवा.

बहिणीला कंद देण्यासाठी ही वेळ उत्तम आहे, फक्त पाने पूर्ण वाळेपर्यंत थांबा. तेव्हा कुंडी उपडी करून पाहिल्यास मूळ कंदाला लागून एखादे पिल्लू सुटलेले आढळू शकते. ते सुपारीपेक्षा मोठे असेल आणि त्याला स्वतःची मुळे असतील, तर हाताने पिळून वेगळे करा आणि तेच नांदेडला पाठवा. ते लहान असेल तर यंदा सोडवू नका आणि हवे तर दोन मोठ्या कंदांपैकी एक द्या. कंद वर्तमानपत्रात गुंडाळून छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवा. नांदेडला पाऊस तुमच्यापेक्षा जास्त पडतो आणि गोदावरीकाठची माती अधिक भारी आहे, म्हणून बहिणीला तो जमिनीत न लावता कुंडीतच लावायला सांगा, मिश्रणात वाळूचे प्रमाण दीडपट ठेवायला सांगा आणि ऑगस्टच्या झडीत कुंडी वळचणीच्या आत घ्यायला सांगा.